मुदत संपलेलं डोमेन मिळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवं असलेलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दुसऱ्या कुणाकडे आहे आणि त्याची मुदत संपत आली आहे, किंवा संपून गेली आहे. अशा वेळी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा कुठल्याही देशाशी न बांधलेल्या एक्स्टेन्शनसाठी आहेत. देशांच्या एक्स्टेन्शनसाठी प्रश्न १४ पाहा.

१. एका डोमेनची मुदत काल संपली. आज मला ते नोंदवता येईल का?

नाही. मुदत संपली म्हणजे नाव सुटलं असं होत नाही. जुन्या मालकाचा हक्क टप्प्याटप्प्याने सुटतो, आणि अगदी शेवटचे काही दिवस सोडले तर ते नाव परत मिळवण्याची वाट त्याला मोकळी असते. साइट बंद पडली, तिच्या जागी जाहिरातींचं पान आलं, तरी नोंदणीच्या वहीत नाव त्याचंच. म्हणून डोळा ठेवायचा तो मुदतीच्या तारखेवर नव्हे, तर नाव वहीतून पुसलं जाण्याच्या तारखेवर. आणि बऱ्याच चांगल्या नावांच्या नशिबी तो दिवस येतच नाही. का, ते प्रश्न ६ मध्ये.

२. रजिस्ट्री, रजिस्ट्रार, आयकॅन: यातलं कोण काय करतं?

वही ज्याच्याकडे असते ती रजिस्ट्री. डॉट कॉम आणि डॉट नेटची वही व्हेरिसाइनकडे आहे, डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे. आपण ज्याच्याकडे पैसे भरतो तो रजिस्ट्रार. तो आपल्या वतीने त्या वहीत नोंद करतो. दोघांना नियम घालून देते ती आयकॅन, १९९८ साली स्थापन झालेली संस्था. एवढं पुरे.

३. मग नेमके किती दिवस थांबायचं?

एक डॉट कॉम नाव घेऊ, मुदत १ मार्चला संपलेलं. त्या दिवशी रजिस्ट्री ते आपोआप एक वर्षाने पुढे ढकलते आणि त्याचे पैसे रजिस्ट्रारच्या नावे मांडते. मालकाने पैसे भरले नाहीत तर रजिस्ट्रारने ४५ दिवसांच्या आत नाव रद्द करायचं, म्हणजे त्याचे पैसे परत मिळतात. रजिस्ट्रारने पुरेपूर ४५ दिवस घेतले असं धरू: १५ एप्रिल. इथून ३० दिवसांचा रिडेम्पशनचा काळ, म्हणजे १५ मेपर्यंत. या काळात मालकाला नाव परत मिळतं, पण नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा बरंच जास्त शुल्क भरून. मग पेंडिंग डिलीटचे ५ दिवस, ज्यात कुणालाच काही करता येत नाही, मालकालाही नाही. २० मेच्या आसपास नाव पुसलं जातं आणि जो पहिला हात घालेल त्याचं होतं. यालाच या धंद्यात ड्रॉप म्हणतात.

एकूण झाले ८० दिवस. पण हा आकडा पाठ करून कॅलेंडरवर खूण करू नका. पहिले ४५ दिवस ही कमाल मर्यादा आहे, रजिस्ट्रार आधीही नाव रद्द करू शकतो. पक्के असतात ते शेवटचे ३५ दिवस, म्हणून मोजायला सुरुवात करायची ती रिडेम्पशन लागल्यापासून.

४. मुदत फेब्रुवारीत संपणार होती. आता माहिती काढली तर पुढच्या वर्षाची तारीख दिसते. मालकाने रिन्यू केलं का?

कदाचित केलं असेल, कदाचित नाही. या एका तारखेने जेवढ्या लोकांना घरी पाठवलं तेवढ्यांना स्पर्धकांनीही पाठवलं नसेल! वर म्हटल्याप्रमाणे मुदत संपताच रजिस्ट्री तारीख आपोआप वर्षभर पुढे सरकवते. मालकाने छदामही भरलेला नसला तरी वहीत पुढचं वर्ष दिसतं. रजिस्ट्रारच्या नोंदीत मात्र बहुतेक वेळा जुनीच तारीख असते. त्यामुळे दोन्ही नोंदी बघा. रजिस्ट्रीकडे पुढचं वर्ष आणि रजिस्ट्रारकडे जुनं, असं असेल तर पैसे बहुधा भरलेले नाहीत. दोन्हीकडे पुढचं वर्ष असेल तर नाव वाचलं, तुमचा प्रश्न संपला.

माहिती काढायची ती आयकॅनच्या लुकअप पानावरून. आपण सवयीने ‘हूइज काढलं’ म्हणतो (हूइज म्हणजे नावाची नोंद दाखवणारी सेवा), पण या एक्स्टेन्शनसाठी जुनी हूइज सेवा पुरवण्याचं बंधन २८ जानेवारी २०२५ ला उठलं आणि तिची जागा आरडॅप या नव्या सेवेने घेतली. आठवडाभर उत्तर न बदलणारी फुकट हूइज संकेतस्थळं कालची साठवलेली माहिती दाखवतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

५. स्टेटसच्या रकान्यात इतके शब्द येतात. त्यातले कुठले बघायचे?

क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड बहुतेक सगळ्यांनाच असतं, सोडून द्या. क्लायंट होल्ड म्हणजे रजिस्ट्रारने नाव चालायचं थांबवलंय. कारण थकलेले पैसे असेल, किंवा एखादा वादही असेल. त्यावरून मुदतीबद्दल ठाम काही सांगता येत नाही.

ऑटो रिन्यू पिरियड फसवं आहे. रजिस्ट्रीने तारीख पुढे ढकलल्यापासून ४५ दिवस ते दिसतं, मालकाने पैसे वेळेवर भरले असले तरी दिसू शकतं. ते पाहून आनंदून बॅकऑर्डर, म्हणजे नाव पकडण्याची आगाऊ मागणी (प्रश्न ८), लावणारे लोक पुष्कळ.

रिडेम्पशन पिरियड दिसलं की मात्र सावरून बसा. रजिस्ट्रारने नाव खरोखर रद्द केलंय. मध्येच पेंडिंग रिस्टोअर आलं तर मालक जागा झाला, बहुतेक संपलं. पेंडिंग डिलीटचं एक लक्षात ठेवा: ते रिडेम्पशन पिरियडच्या जोडीनेही दिसू शकतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ शेवटचे पाच दिवस असा होत नाही. एकटं पेंडिंग डिलीट उरलं की मग पाच दिवस.

६. मी तीन महिने वाट पाहिली. नाव कधी ड्रॉप झालंच नाही आणि मालक मात्र बदलला. हे कसं?

रजिस्ट्रारने ते विकलं. मुदत संपल्यावरचे ते ४५ दिवस आठवा. त्या काळात नाव रजिस्ट्रारच्या ताब्यात असतं आणि बहुतेक मोठ्या रजिस्ट्रारच्या अटींमध्ये, जिथे कुणी वाचत नाही तिथे, लिहिलेलं असतं की मुदतबाह्य नाव आम्ही दुसऱ्याला देऊ शकतो. मग नाव रद्द करून रजिस्ट्रीकडे परत कशाला द्यायचं? गोडॅडीसारख्यांचा स्वतःचा लिलाव असतो, काहीजण नेमजेट किंवा स्नॅपनेम्ससारख्या लिलावाच्या जागी आपली नावं पाठवतात. जिंकणाऱ्याच्या खात्यात नाव थेट जातं, पुसलं न जाता. त्यामुळे मूळ नोंदणीची तारीखही तशीच राहते.

म्हणून नाव आवडलं की पहिला प्रश्न असा विचारा: हे कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे आणि तो मुदतबाह्य नावं कुठे विकतो? लहान, कानाला गोड, सहज लक्षात राहणारी नावं क्वचितच ड्रॉपपर्यंत पोचतात. पोचतात ती बहुतांशी लिलावात कुणी न घेतलेली, किंवा लिलाव न करणाऱ्या छोट्या रजिस्ट्रारकडची.

७. मूळ मालकालाच लिहिलं तर?

हा खरा पेच आहे, आणि एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. लिहिलंत तर झोपलेल्या मालकाला तुम्हीच जागं करता. त्याला आठवतं, ‘अरे, हे रिन्यू करायचं राहिलंय,’ आणि वर कळतं की गिऱ्हाईक तयार आहे. नाही लिहिलंत तर लिलावात दहा जणांशी गाठ.

माझं मत असं: मुदत संपायला दोन-तीन महिने असतील आणि नाव इतरांनाही हवंसं असेल तर सरळ लिहा. लिलावात चढाओढीने जाणाऱ्या किमतीपेक्षा कंटाळलेल्या मालकाशी ठरलेली किंमत बहुतेक वेळा कमी असते. नाव फक्त तुमच्याच कामाचं असेल, म्हणजे तुमच्या संस्थेचं लांबलचक नाव वगैरे, तर गप्प बसा. दुसरा कुणी येणार नाही. रिडेम्पशनमध्येही मालकाला गाठता येतं, पण सोडवण्याचं शुल्क आधी त्याला भरावं लागतं, ते तुम्ही देणार हे स्पष्ट ठरवा. २०१८ पासून मालकाचा पत्ता आणि ईमेल बहुधा झाकलेला असतो. रजिस्ट्रारच्या संपर्क फॉर्ममधून निरोप पोचवता येतो.

८. बॅकऑर्डर म्हणजे काय? लावली की नाव नक्की मिळतं का?

नाव ड्रॉप होताच माझ्यासाठी पकडा, अशी एखाद्या कंपनीला दिलेली आगाऊ मागणी. हमी अजिबात नाही. बहुतेक ठिकाणी नाव हाती लागलं तरच पैसे कापले जातात, पण काहीजण आधी घेतात, ते वाचून घ्या. एकाच कंपनीकडे तिघांनी मागणी लावली असेल तर पकडल्यावर त्या तिघांत लिलाव होतो. आणि नाव प्रश्न ६ मधल्या वाटेने गेलं तर बाहेरच्या बॅकऑर्डरचा काडीचा उपयोग नाही.

९. दोन-तीन कंपन्यांकडे एकदम लावली तर चालेल?

चालेल, तेच करावं. नाव एकीलाच मिळणार आणि पैसे तिलाच द्यावे लागणार. मात्र ‘मिळाल्यावरच पैसे’ ही अट प्रत्येकीकडे तपासा.

१०. मला प्रोग्रॅमिंग येतं. ड्रॉपच्या क्षणी स्वतःच पकडलं तर कंपनीची गरज काय?

ज्याच्यावर कुणाचाच डोळा नाही अशा नावासाठी गरज नाहीच. ड्रॉप झाल्यावर शांतपणे नेहमीच्या रजिस्ट्रारकडे जाऊन नोंदवा. माझी निम्मी नावं अशीच आली आहेत.

चुरशीच्या नावाचं गणित वेगळं. डॉट कॉमचा ड्रॉप रोज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दुपारी दोनच्या सुमारास सुरू होतो, पण त्या दिवशीच्या हजारो नावांत तुमचं नाव कुठल्या सेकंदाला सुटेल हे बाहेरून कळत नाही. तुमचा प्रोग्रॅम रजिस्ट्रारच्या संकेतस्थळाला विचारणार, ते रजिस्ट्रीला विचारणार. ड्रॉप पकडणाऱ्या कंपन्या रजिस्ट्रीशी थेट जोडलेल्या असतात. रजिस्ट्री प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला ठरावीक संख्येनेच जोडण्या देते, म्हणून या कंपन्यांनी काय केलं, तर शेकडो रजिस्ट्रार कंपन्या कागदोपत्री उभ्या केल्या. त्यांना ग्राहक नाहीत, कार्यालय नाही. काम एकच, त्या एका क्षणी शेकडो दारं एकदम ठोठावणं. त्यांच्यापुढे तुमचा लॅपटॉप म्हणजे धावपट्टीवर सायकल.

११. मी ते नाव रोज शोधतो. त्यावरून कुणाला सुगावा लागून ते पळवलं तर?

ही भीती हवेतून आलेली नाही. जानेवारी २००८ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स हा रजिस्ट्रार लोकांनी शोधलेली मोकळी नावं स्वतःच्या नावे अडवून ठेवताना पकडला गेला होता. तेव्हा नवं नाव पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत मिळत, म्हणून हे फुकटात जमे. २००९ मध्ये आयकॅनने त्या सवलतीला लगाम घातला. तुमच्या बाबतीत मात्र नाव मोकळंच नाही, आणि मुदत संपणाऱ्या नावांच्या याद्या धंदेवाल्यांकडे तुमच्या आधीच असतात. शोधायचं तर आयकॅनच्या पानावर शोधा आणि निवांत राहा.

१२. ‘हे डोमेन लवकरच सुटणार आहे, आगाऊ रक्कम भरून राखून ठेवा’ असा ईमेल आलाय. खरं असेल?

नाव सुटणार हे खरं असू शकतं, ते ईमेल पाठवणाऱ्याकडे असेल हे नव्हे. असे लोक बहुधा पेंडिंग डिलीटच्या यादीतून नावं उचलतात, मिळतंजुळतं नाव असलेल्यांना ईमेल टाकतात आणि कुणी होकार दिला तरच ते नोंदवायला जातात. स्टेटस बघा (प्रश्न ५). पाच दिवसांनी तुम्हीच नोंदवू शकाल अशा नावाचे त्यांना कशाला द्यायचे पैसे?

१३. घेण्याआधी त्या नावाचा पूर्वेतिहास कसा तपासायचा?

लोक यात घाई करतात आणि इथेच पस्तावतात, म्हणून थोडं सविस्तर.

सुरुवात इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनपासून. तिथे १९९६ पासूनची पानं साठवलेली आहेत. नुसतं पहिलं आणि शेवटचं पान पाहून थांबू नका, मधली वर्षं उघडा. नमुना असा दिसतो: सात वर्षं एका वाद्यवृंदाची साधी साइट, मग आठ महिने काहीच नाही, मग अचानक परक्या भाषेत जुगाराची दीडशे पानं, मग पुन्हा शांतता. म्हणजे हे नाव आधीही एकदा ड्रॉप झालं, कुणीतरी पिळून घेतलं आणि टाकून दिलं. अशा नावापासून लांबच राहा.

मग सर्च इंजिनमध्ये नाव अवतरणचिन्हात घालून शोधा. लोक त्याबद्दल काय बोलतात ते कळतं, फसवणुकीच्या तक्रारी असतील तर वर येतात. ईमेल वापरणार असाल तर स्पॅमसाठी बदनाम नावांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसकडे ते आहे का ते पाहा. यादीत असलेल्या नावावरून पाठवलेला ईमेल समोरच्याच्या इनबॉक्सपर्यंत पोचणं कठीण.

‘इतर साइटींनी दिलेल्या जुन्या लिंका मिळतील, गुगलमध्ये वर येऊ’ या आशेने घेत असाल तर हे वाचा: मार्च २०२४ मध्ये गुगलने मुदतबाह्य डोमेन घेऊन त्याच्या जुन्या प्रतिष्ठेवर निकस मजकूर वर आणणं हे स्पॅम म्हणून जाहीर केलं. जुन्या नावावर खरी, नवी साइट करण्याला हरकत नाही. पण फक्त लिंकांसाठी जास्त मोजू नका.

१४. देशांच्या एक्स्टेन्शनलाही हेच वेळापत्रक लागू होतं?

नाही, प्रत्येक देशाची रजिस्ट्री आपले नियम आपण करते. डॉट ईयूचं नाव रद्द झाल्यावर ४० दिवस विलगीकरणात, म्हणजे दुसऱ्या कुणाला न देता, ठेवलं जातं. डॉट यूके मुदतीनंतर ३० दिवसांनी बंद पडतं आणि ९० दिवसांच्या थोडं पुढे रद्द होतं. जर्मनीच्या डॉट डीईची मुदतीची तारीख बाहेरच्याला दिसतच नाही. कॅनडाची रजिस्ट्री सुटणारी नावं स्वतःच ठरलेल्या दिवशी विक्रीला काढते. काही देश स्थानिक पत्ता मागतात. तेव्हा आधी त्या रजिस्ट्रीचं पान वाचा. प्रश्न ३ मधला हिशेब तिथे लावू नका.

१५. लिलाव जिंकलो, पैसेही भरले. आठवड्याने कळवलं की मूळ मालकाने नाव परत घेतलं. हे कायदेशीर आहे?

आहे. रजिस्ट्रारचा लिलाव अनेकदा मालकाची परतीची मुदत शिल्लक असतानाच उरकतो. त्या मुदतीत मालक आला तर नाव त्याचं, तुमचे पैसे परत. नाव तुमच्या खात्यात दिसेपर्यंत छपाई, फलक, लोगो यांवर खर्च करू नका. ड्रॉपनंतर पकडलेल्या नावाला हा धोका नसतो.

१६. नाव पुसलं गेलं, तरी ‘उपलब्ध नाही’ येतंय. किंवा उपलब्ध आहे, पण किंमत भलतीच.

एक तर दुसऱ्याने क्षणात पकडलं असेल, नोंदणीची तारीख बघा, आजची असेल. दुसरं म्हणजे नव्या एक्स्टेन्शनच्या रजिस्ट्री परत आलेलं नाव राखीव ठेवू शकतात किंवा ‘प्रीमियम’ ठरवून किंमत वाढवू शकतात. प्रीमियम नाव घेताना पुढच्या वर्षाचं नूतनीकरणही त्याच चढ्या दराने आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

१७. नाव एका कंपनीच्या ट्रेडमार्कसारखं आहे, पण त्यांनीच तर सोडून दिलं. मग हरकत काय?

डोमेन सोडलं म्हणून ट्रेडमार्क सुटत नाही. आयकॅनची १९९९ पासून चालत आलेली यूडीआरपी ही तंटा सोडवण्याची पद्धत आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतकं जुळतं, तुमचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं व वापरलं. तिन्ही सिद्ध झाल्या तर नाव जातं.

‘हे डोमेन २००२ चं आहे, त्यांचा ट्रेडमार्क नंतरचा’ हा बचाव लिलावात घेतलेल्या नावाला सहसा चालत नाही. निवाडा करणारे तुम्ही नाव घेतलं तो दिवस धरतात. शब्दकोशातला साधा शब्द त्याच्या साध्या अर्थाने वापरत असाल तर तुमची बाजू बरीच भक्कम. घेतल्याबरोबर त्याच कंपनीला विकायला गेलात तर वाईट हेतूचा पुरावा तुम्हीच लिहून दिलात.

१८. मिळालं! पहिल्या दिवशी काय करू?

ऑटो रिन्यू चालू करा आणि नाव परस्पर हलवू न देणारा रजिस्ट्रारचा लॉक लावा. नाव ड्रॉपमधून नव्याने नोंदलेलं असेल तर साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येणार नाही, हे गृहीत धरा.

नंतर दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. एक, साइट खरी असल्याचं ब्राउझरला पटवणारं, जुन्या मालकाने काढलेलं सुरक्षा प्रमाणपत्र अजून चालू असू शकतं. सार्वजनिक प्रमाणपत्र नोंदींत हे डोमेन शोधा आणि जुनं प्रमाणपत्र सापडलं तर ते देणाऱ्या संस्थेला रद्द करायला सांगा. दोन, जुन्या मालकाचे ईमेल आता तुमच्याकडे येऊ लागतील: बँकेच्या सूचना, पासवर्ड बदलण्याच्या लिंका, कुणाचे वैद्यकीय अहवाल. सगळे पत्ते एकत्र गोळा करणारी पेटी उघडू नका. फक्त तुम्हाला हवे ते पत्ते सुरू करा, बाकीचे परत जाऊ द्या. चुकून हाती आलेल्या लिंकवरून कुणाच्या खात्यात शिरणं हा गुन्हा आहे, नाव तुमचं असलं तरी.

१९. उलट झालंय. माझंच डोमेन गेलं. आता?

आधी स्टेटस. अजून रिडेम्पशन लागलं नसेल तर रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन लगेच रिन्यू करा. रिडेम्पशन असेल तर त्याच रजिस्ट्रारला आजच फोन करा. दुसरा कुणीही ते सोडवू शकत नाही. एकटं पेंडिंग डिलीट असेल तर या पानावरचे प्रश्न ८ ते १० आता तुमच्यासाठी. दुसऱ्याने घेतलं असेल आणि तुमचा ट्रेडमार्क असेल तर प्रश्न १७.

‘मला कळवलंच नाही’ ही तक्रार सहसा टिकत नाही. आयकॅनच्या नियमाने रजिस्ट्रारला मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा, आणि न भरल्यास मुदतीनंतर पाच दिवसांत, सूचना पाठवावी लागते. शिवाय नाव रद्द करण्याआधी सलग आठ दिवस ते चालणं बंद ठेवावं लागतं, म्हणजे साइट बंद पाहून तरी मालक जागा व्हावा.

माझं एक नाव असंच जाता जाता वाचलं. कार्डाची मुदत संपली होती, म्हणून ऑटो रिन्यू फसलं. पहिल्या दोन सूचना मी ‘नेहमीचंच’ म्हणून उघडल्या नाहीत. तिसरी माझ्यापर्यंत आलीच नाही, कारण खात्यावर दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा होता आणि डोमेनबरोबर तोही बंद पडला होता. एका ग्राहकाने ‘तुमचा ईमेल परत येतोय’ असं फोनवर सांगितलं तेव्हा रिडेम्पशनचा एकविसावा दिवस चालू होता.